दारूगोळ्याची कोठारे : निर्धोकपणा, बंदोबस्त आणि परिभाषा

१. विषयाचे स्वरूप

भाषेच्या अभ्यासकाने दारूगोळ्याच्या कोठारांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि अशा कोठाराचा कारभार जवळून पाहिल्यास असे दिसून येते की, तो बव्हंशी नामकरणाचा, वर्गीकरणाचा आणि नोंदींचा कारभार आहे. पेटीवर काय लिहिले आहे, लिहिणाराने ते कोणत्या अर्थाने लिहिले आणि वाचणाराने ते कोणत्या अर्थाने घेतले, ह्यांवर त्या पेटीच्या आसपास वावरणाऱ्यांचे जीवित अवलंबून असते. शस्त्रसाठे सांभाळण्याच्या कामी निरनिराळ्या राष्ट्रांस साहाय्य करण्याचा जो आंतरराष्ट्रीय उपक्रम गेल्या काही दशकांत उभा राहिला, त्याचाही पुष्कळसा भाग ह्या चिन्हव्यवस्थेचा प्रसार करण्याचा आहे.

ह्या उपक्रमात दोन उद्दिष्टे नेहमी जोडीने सांगितली जातात. साठ्याचा आपोआप वा अपघाताने स्फोट होऊ नये, हे पहिले. आणि साठा चोरीस वा अनधिकृत हाती जाऊ नये, हे दुसरे. इंग्रजीत ह्या दोहोंसाठी ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन शब्द आहेत. मराठीत आपण दोन्ही ठिकाणी ‘सुरक्षा’ हाच शब्द योजतो. रस्ता सुरक्षा म्हणताना अपघाताचा विचार असतो, राष्ट्रीय सुरक्षा म्हणताना शत्रूचा. शब्द मात्र एकच. नित्याच्या व्यवहारात संदर्भावरून अर्थ कळतो, म्हणून ह्यात काही बिघडत नाही. दारूगोळ्याच्या बाबतीत मात्र ही दोन उद्दिष्टे केवळ भिन्न नसून पुष्कळदा परस्परांच्या आड येणारी आहेत, आणि एका शब्दाखाली ती झाकली गेली म्हणजे एकाची पूर्तता झाली असता दुसऱ्याचीही झाली असा भ्रम उत्पन्न होतो. हा भ्रम कसा उत्पन्न होतो आणि तो दूर करण्याचे उपाय कोणते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. साठविलेला दारूगोळा बदलत असतो

कोठारात ठेवलेला तोफगोळा वापरला जाईपर्यंत जसाच्या तसा राहतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. गोळा नळीतून बाहेर फेकण्यासाठी जे प्रणोदक द्रव्य वापरतात, त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज हा होय. हे द्रव्य अतिशय मंद गतीने का होईना, पण तयार झाल्या दिवसापासून विघटित होत असते. विघटनातून नायट्रोजनाची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि ती पुढील विघटनास अधिक गती देतात. ह्यास आळा बसावा म्हणून प्रणोदकात डायफेनिलअमाइनासारखे स्थिरक मिसळलेले असते. ते ही ऑक्साइडे शोषून घेते. परंतु शोषण्याच्या ह्या क्रियेत स्थिरक स्वतः खर्ची पडत जाते. ते संपत आले म्हणजे विघटनाची उष्णता साचू लागते आणि मोठ्या राशीत प्रणोदक आपोआप पेट घेऊ शकते. उष्ण हवामानात हा काळ फारच लवकर येतो. फ्रान्सच्या ‘इएना’ आणि ‘लिबेर्ते’ ह्या युद्धनौका तूलाँ बंदरात अनुक्रमे १९०७ आणि १९११ साली उद्ध्वस्त झाल्या, त्यांचे कारण अशा जुन्या प्रणोदकाकडेच जाते. गोळ्याच्या पोटातील टीएनटीसारखे स्फोटक त्या मानाने स्थिर असते; पण शेजारचे प्रणोदक पेटले म्हणजे त्याची स्थिरता उपयोगी पडत नाही.

ह्यावरून असे निष्पन्न होते की, जेथे कुलपे मजबूत आहेत आणि पहारा चोख आहे, परंतु स्थिरकाची तपासणी होत नाही, ते कोठार चोरापासून राखलेले असूनही निर्धोक नसते.

अशा दुर्लक्षाची उदाहरणे दुर्दैवाने विपुल आहेत. नायजेरियात लागोस शहरातील इकेजा येथील लष्करी कोठारात २७ जानेवारी २००२ रोजी स्फोट झाले. त्या दुर्घटनेत हजाराच्या वर माणसे मेली, आणि त्यांतील पुष्कळशी स्फोटाने नव्हे, तर अंधारात पळत असता कालव्यात पडून बुडाली. मोझांबिकची राजधानी मापुटो येथील मालाझिन कोठारात २२ मार्च २००७ रोजी झालेल्या स्फोटांत शंभरावर बळी गेले. काँगो प्रजासत्ताकाच्या ब्राझाव्हिल ह्या राजधानीत मपिला भागातील कोठार ४ मार्च २०१२ रोजी उडाले, तेव्हा मृतांची संख्या तीनशेच्या आसपास गेली आणि हजारो लोक बेघर झाले. जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ ही संस्था १९७९ पासूनच्या अशा अनपेक्षित स्फोटांची नोंद ठेवते. २०१९ अखेरपर्यंत त्या नोंदीत शंभरावर देशांतील सहाशेहून अधिक घटना जमा झाल्या होत्या. त्या बहुतेक शांततेच्या काळातील किंवा युद्ध संपल्यानंतरच्या आहेत, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

३. धोक्याची लिपी

दारूगोळ्याच्या प्रत्येक प्रकारास संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणानुसार एक अंक आणि एक अक्षर अशी संज्ञा दिलेली असते. अंक धोक्याचे स्वरूप सांगतो. १.१ म्हणजे सर्व साठा एकाच क्षणी उडण्याचा धोका, १.२ म्हणजे तुकडे दूरवर फेकले जाण्याचा धोका, १.३ म्हणजे प्रखर आगीचा, १.४ म्हणजे पेटीबाहेर फारसा परिणाम न होणारा. १.५ आणि १.६ हे विभाग सहजासहजी न उडणाऱ्या द्रव्यांसाठी व वस्तूंसाठी आहेत. येथे एक भाषाशास्त्रीय विशेष नमूद करावयास हवा. हे अंक आकड्यांसारखे दिसत असले तरी ते परिमाण दर्शवीत नाहीत. १.२ हा १.१ च्या दुप्पट वा निमपट नव्हे. ती केवळ नावे आहेत. नवशिक्या भांडारपालास हे प्रथम समजावून द्यावे लागते.

अक्षर हे सहवासाची योग्यता सांगते. रोमन लिपीतील तेरा अक्षरे ह्या कामी योजलेली आहेत. ‘बी’ गटात स्फोटास चालना देणारे स्फोटनकारक येतात, ‘डी’ गटात चालना-साधन नसलेली मुख्य स्फोटके येतात, आणि ह्या दोन गटांनी एका छपराखाली राहावयाचे नसते. ‘सी’, ‘डी’ आणि ‘ई’ हे गट एकत्र ठेवता येतात. ‘एल’ गटातील वस्तूस मात्र स्वतःच्याच जातीच्या वस्तूखेरीज कोणाचाही शेजार चालत नाही. ही अक्षरे सुटी वाचून पुरत नाही. त्यांचा खरा अर्थ त्यांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होतो. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त पदव्युत्तर वर्गात शिकविताना ह्याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

आग विझविण्यास आलेल्या माणसास पेटीजवळ जाऊन अंक वाचण्याची सवड नसते. त्याच्यासाठी कोठाराच्या भिंतीवर नारिंगी रंगाचे मोठे फलक लावतात आणि त्यांचा आकारच बोलका ठेवतात. पहिल्या विभागास अष्टकोन, दुसऱ्यास फुली, तिसऱ्यास उलटा त्रिकोण, चौथ्यास शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन. अंक वाचता येणार नाही इतक्या अंतरावरूनही आकार ओळखता येतो, आणि निरक्षरासही तो शिकविता येतो.

ह्या लिपीत गोंधळ कोठे होऊ शकतो, त्याचे एक उदाहरण देतो. सोव्हिएत बनावटीच्या तोफगोळ्यांवर रशियन लिपीतील संक्षेप छापलेले असतात. गोळ्याचे वजन ठरलेल्या मानाइतके असेल तर त्यावर ‘नॉर्मल्नी’ ह्या शब्दाचे आद्याक्षर काढतात. वजन कमीअधिक असेल तर वजा वा अधिक अशी चिन्हे काढतात. रशियन लिपीतील हे ‘न’ अक्षर हुबेहूब रोमन ‘एच’सारखे दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात मात्र ‘एच’ हे अक्षर पांढरा फॉस्फरस असलेल्या दारूगोळ्याचे आहे, आणि पांढरा फॉस्फरस हवा लागताच पेट घेतो. एका व्यवस्थेत ‘वजन बरोबर आहे’ इतकाच निरुपद्रवी निरोप देणारे चिन्ह दुसऱ्या व्यवस्थेत ज्वालाग्राही द्रव्याची सूचना ठरते. दोन्ही चिन्हांच्या जागा भिन्न असतात, हे खरे. पण ज्यास दोहोंपैकी एकही व्यवस्था नीट शिकविलेली नाही, त्याला जागेवरून भेद कसा कळावा? मालाझिनचा साठा सोव्हिएत बनावटीचा होता. मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज आहे, आणि मापुटोच्या आसपासच्या लोकांच्या मातृभाषा रोंगा, चांगाना ह्या आहेत. पेटीवरील लिखाण, कचेरीतील नोंदवही आणि कामकऱ्यांचे आपसातील बोलणे ह्या तिन्हींच्या भाषा निराळ्या, अशी ही परिस्थिती आहे. आफ्रिकेतील आणि आशियातील कित्येक देशांत ती थोड्याफार फरकाने आढळते.

४. अंतराचे गणित

वर्गीकरणाचा मुख्य उपयोग अंतर ठरविण्यासाठी होतो. स्फोटाच्या दाबाचा परिणाम किती दूर पोहोचेल, ते स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. हा नियम हॉपकिन्सन आणि क्रान्झ ह्या शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखला जातो. १.१ विभागातील साठ्यापासून लोकवस्तीचे घर किती मीटर दूर असावे हे काढण्यासाठी साठ्यातील स्फोटकाच्या किलोग्रॅममधील वजनाचे घनमूळ घेऊन त्यास २२.२ ने गुणतात. उदाहरणार्थ, ८,००० किलोग्रॅमचे घनमूळ २० येते, म्हणून अंतर ४४४ मीटर झाले. साठा आठपट करून ६४,००० किलोग्रॅम केला तर घनमूळ ४० येते आणि अंतर केवळ दुप्पट, म्हणजे ८८८ मीटर होते. तुकडे किती दूर उडतील ह्याचा विचार करून किमान अंतराच्या निराळ्या अटी ह्याशिवाय घातलेल्या असतात.

ह्या सूत्राचा उपयोग उलट दिशेनेही करता येतो, आणि व्यवहारात तोच अधिक महत्त्वाचा आहे. कोठार बहुधा हलविता येत नाही. वस्ती मात्र वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत येते. अशा वेळी उपलब्ध अंतरावरून आत जास्तीत जास्त किती साठा ठेवता येईल, ते काढता येते. अंतर निम्मे झाले तर अनुज्ञेय साठा एक-अष्टमांश उरतो. इकेजा आणि मपिला ही दोन्ही कोठारे भर शहरात सापडलेली होती. आपल्याकडे संरक्षणविषयक वास्तूंभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालण्यासाठी १९०३ सालचा ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट’ आहे. अशा निर्बंधांमुळे ज्यांना आपल्या जमिनीवर घर बांधता येत नाही त्यांची तक्रार खोटी नसते, पण निर्बंधामागील घनमुळाचे गणितही खोटे नसते.

ही सर्व तत्त्वे मोडली गेली म्हणजे काय होते, ह्याचा दाखला मुंबईकरांस वेगळा द्यावयास नको. ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. वाटेत कराचीस त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या भरण्यात आल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अवधीत दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. त्यांत आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो. स्फोटक आणि ज्वालाग्राही माल एकत्र ठेवू नये, आणि स्फोटकांचा मोठा साठा वस्तीलगत आणू नये, हे दोन्ही नियम तेव्हा अज्ञात नव्हते. युद्धाच्या निकडीपुढे ते बाजूस सारले गेले.

५. नोंदवही

दारूगोळ्याची खरी ओळख त्याच्या जातीवरून नव्हे, तर त्याच्या खेपेवरून होते. एका कारखान्यात, एका वेळी, एकाच द्रव्यापासून तयार झालेल्या नगांची एक खेप मानतात आणि तिला क्रमांक देतात. एका खेपेतील काही नग तपासून सबंध खेपेविषयी निर्णय घेता येतो. कारण ते सर्व एकाच गतीने जुने होत असतात. पेटीवरचा खेप-क्रमांक पुसला गेला, किंवा दोन खेपांचे नग एका पेटीत मिसळले गेले, म्हणजे हे अनुमान करण्याचा आधारच नाहीसा होतो. मग त्या नगांचे वय कळत नाही, त्यांच्या स्थिरकाची अवस्था कळत नाही, आणि ते बहुधा नष्ट करण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

आणखी एक शब्द विचारार्ह आहे. ज्या साठ्याची राष्ट्रास गरज उरलेली नाही त्यास ‘अतिरिक्त’ म्हणतात. हे विशेषण वस्तूच्या अंगी असणारा गुण सांगत नाही. तो एक निर्णय आहे. किती लागते हे ठरल्यावाचून आणि किती आहे हे मोजल्यावाचून तो घेता येत नाही. त्यामुळे ज्या राष्ट्रापाशी विश्वसनीय नोंदवही नाही, त्याच्या व्याकरणात ‘अतिरिक्त’ हा शब्दच संभवत नाही. सगळेच जपून ठेवले जाते, आणि जे जपले जाते त्यातच सर्वांत जुने व धोक्याचे असते. आता नष्ट करण्याचे कामही सोपे नसते. आल्बेनियात गेर्देच येथे १५ मार्च २००८ रोजी २६ जण मेले, ते जुना दारूगोळा सुटा करण्याच्या केंद्रातच.

६. एक शब्द, दोन अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्रजीतील ‘सेफ’ हा शब्द लॅटिन ‘साल्वुस’पासून आला, त्याचा अर्थ अक्षत, धडधाकट. ‘सिक्युअर’ हा ‘से’ म्हणजे वाचून आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी, ह्यांपासून झाला; त्याचा अर्थ निश्चिंत. फ्रेंचमध्ये जी स्थिती आहे ती मराठीच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. तेथे ‘स्यूर्ते’ आणि ‘सेक्युरिते’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून आलेले आहेत. पहिला आपल्या परिभाषेत तद्भव, दुसरा तत्सम. अणुशक्तीच्या क्षेत्रात फ्रेंच लोक अपघात टाळण्यास ‘स्यूर्ते’ म्हणतात. विमानवाहतुकीत नेमके उलट, घातपात टाळण्यास ‘स्यूर्ते’ आणि अपघात टाळण्यास ‘सेक्युरिते’ म्हणतात. भेद करण्याची गरज दोन्ही क्षेत्रांना पटली, पण कोणता शब्द कोणत्या बाजूस जावा हे प्रत्येकाने आपापल्या रूढीने ठरविले. स्पॅनिशमध्ये ‘सेगुरिदाद’, पोर्तुगीजमध्ये ‘सेगुरान्सा’, जर्मनमध्ये ‘झिशरहाइट’ आणि रशियनमध्ये ‘बेझापास्नस्त’ हा एकेकच शब्द दोन्ही अर्थांचा भार वाहतो, आणि जेथे भेद आवश्यक तेथे विशेषण जोडावे लागते.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. सायप्रसचे उदाहरण घ्या. निर्बंधांचा भंग करून सीरियाकडे जात असलेला स्फोटकांचा माल ‘मोन्चेगोर्स्क’ ह्या जहाजावरून २००९ साली जप्त करण्यात आला. तो ९८ पेटाऱ्यांत होता. मारी गावाजवळील नौदलाच्या तळावर तो ठेवला गेला आणि दोन वर्षांहून अधिक काळ उघड्यावर, भूमध्य प्रदेशातील उन्हात पडून राहिला. कोणाच्या हाती पडू नये ह्या दृष्टीने व्यवस्था पुरी होती. लष्करी तळ, कुंपण, पहारा, सर्व काही होते. ११ जुलै २०११ च्या पहाटे त्याचा स्फोट झाला. तेरा जण मेले, आणि शेजारचे वासिलिकोस वीजकेंद्र, ज्यातून देशाची सुमारे निम्मी वीज येत असे, ते निकामी झाले. ह्या साठ्याचा बंदोबस्त झालेला होता; तो निर्धोक मात्र केलेला नव्हता.

उलट बाजूचे उदाहरण इराकमधील अल्‌-काका येथील आहे. तेथील अतितीव्र स्फोटके निर्धोकपणे साठविलेली होती आणि आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या निरीक्षकांनी त्यांतील मोठ्या भागावर मुद्राही केलेल्या होत्या. २००३ च्या युद्धानंतर पहाऱ्याची घडी मोडली, आणि तीनशेहून अधिक टन स्फोटके नाहीशी झाल्याचे २००४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले.

दोन्ही उद्दिष्टे एकमेकांस कशी अडवितात तेही पाहण्यासारखे आहे. निर्धोकपणाच्या दृष्टीने साठा विखुरलेला बरा. पहाऱ्याच्या दृष्टीने तो एके ठिकाणी बरा. आगीच्या वेळी बाहेर पडण्यास अनेक दारे हवीत. चोरी टाळण्यास एकच दार हवे. धोक्याचा फलक ठळक असावा, हे अग्निशामकास हवे. आत काय आहे ते कोणास कळू नये, हे पहारेकऱ्यास हवे. कोठाराची आखणी म्हणजे ह्या दोन मागण्यांमधील तडजोड होय, आणि तडजोड करणाऱ्यास निदान ह्या दोन मागण्या आहेत हे तरी ठाऊक असले पाहिजे.

७. आज्ञापत्रातील दारूखाना

हा भेद आपल्याकडे पूर्वी अज्ञात होता असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, गडावरील दारूखान्याविषयी जी कलमे आहेत ती ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. दारूखाना घरांजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखाली असू नये. त्याभोवती दाट झाडीचे कुंपण असावे. आत गच केलेले तळघर असून दारूची मडकी माचावर ठेवावीत. बाण वगैरे निराळ्या जागी ठेवावेत. ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून ऊन द्यावे. हा झाला निर्धोकपणाचा भाग. ह्यात अंतर आहे, वाऱ्याची दिशा आहे, जातवार विभागणी आहे आणि नियतकालिक तपासणीही आहे. त्यानंतर बंदोबस्ताचा भाग येतो: माल परत ठेवताना मुद्रा करावी, रात्रंदिवस जागता पहारा असावा, परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये. आधुनिक प्रणोदकाचे रसायन अमात्यांच्या काळी नव्हते, त्यामुळे ऊन देण्याचा त्यांचा नियम आजच्या दारूगोळ्यास लावणे घातक ठरेल. पण दोन निराळ्या चिंता निराळ्या वाक्यांत मांडण्याची त्यांची रीत मात्र आजही अनुकरणीय आहे.

ह्याच संदर्भात दोन शब्दांच्या व्युत्पत्तीचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. ‘दारू’ हा फारसी शब्द मूळचा औषध ह्या अर्थाचा. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूस ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचाच शब्द आहे. आणि दारूकोठाराचा वाचक असलेला ‘मॅगझीन’ हा शब्द अरबी ‘मख़ज़न’ म्हणजे कोठार ह्यापासून आला. लंडनमध्ये १७३१ साली निघालेल्या ‘जंटलमन्स मॅगझीन’पासून तो नियतकालिकास लावला जाऊ लागला, तो ज्ञानाचे कोठार ह्या अर्थाने.

८. राष्ट्रांस साहाय्य

संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली दारूगोळ्याच्या व्यवस्थापनाविषयी आंतरराष्ट्रीय तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची देखभाल ‘सेफरगार्ड’ ह्या कार्यक्रमाकडे आहे, आणि २०१५ व २०२१ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचे सर्वांत शहाणपणाचे अंग म्हणजे तिच्यातील तीन पायऱ्यांची योजना. ज्या राष्ट्रापाशी पैसा आणि शिकलेली माणसे कमी आहेत, त्याने पहिली पायरी गाठावी: भोवतालचे गवत कापावे, स्फोटनकारक वेगळे ठेवावेत, पेट्या जमिनीपासून उचलून रचाव्यात, नगांची मोजणी करावी, उघड धोक्याचे नग आधी नष्ट करावेत. ह्यास खर्च थोडा लागतो आणि धोका पुष्कळ कमी होतो. पुढील पायऱ्यांत रासायनिक तपासणी, अंतरांचे काटेकोर मोजमाप, नवी बांधकामे अशा गोष्टी येतात. अशा कामी सल्ला देण्यासाठी जिनिव्हा येथे २०१९ साली एक सल्लागार पथक स्थापन झाले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दारूगोळ्याच्या उत्पादनापासून विल्हेवाटीपर्यंतच्या व्यवस्थापनाची एक जागतिक चौकट स्वीकारली. तीत १५ उद्दिष्टे आहेत. ती राष्ट्रांनी स्वेच्छेने पाळावयाची आहे.

ह्या मार्गदर्शिकेचा अनुवाद करणाऱ्यापुढे क्रियापदांचा एक प्रश्न उभा राहतो. इंग्रजी मूळात बंधन सांगणारे, शिफारस करणारे आणि मुभा देणारे अशी तीन साहाय्यक क्रियापदे कटाक्षाने वेगळी राखलेली आहेत. मराठीत ‘वे’ प्रत्ययाचे विध्यर्थी रूप आज्ञेसही चालते आणि सल्ल्यासही. आज्ञापत्रात ही रूपे राजाज्ञेची आहेत, कारण बोलणारा राजा आहे. आजच्या सूचनाफलकावर ‘पेट्या वेगळ्या ठेवाव्यात’ असे लिहिले तर ती विनंती आहे की हुकूम, हे वाचणाराने ठरवावयाचे राहते. म्हणून बंधनासाठी ‘ठेवल्याच पाहिजेत’, शिफारशीसाठी ‘ठेवाव्यात’ आणि मुभेसाठी ‘ठेवता येतील’ अशी रूपे आरंभी व्याख्या करून निश्चित केली पाहिजेत. ज्या भाषांत विध्यर्थाची रूपे अशीच सैल आहेत, त्या सर्वांस हे लागू आहे.

९. मराठी परिभाषेविषयी

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे देशातील अत्यंत मोठ्या दारूगोळा-कोठारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तेथे आग लागून स्फोट झाला आणि दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जण प्राणास मुकले. त्यांत आग विझविणाऱ्यांची संख्या मोठी होती. आसपासच्या गावांतील लोकांस रात्रीतून घरे सोडावी लागली. कोठारातील कारभाराची भाषा कोणतीही असो, त्या रात्री गावकऱ्यांस जे सांगावयाचे होते ते मराठीतूनच सांगावे लागणार होते.

ह्यासाठी नवे जडजंबाल शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. अपघाताच्या बाजूस ‘निर्धोक’ आणि ‘निर्धोकपणा’, तर चोरी व घातपाताच्या बाजूस ‘बंदोबस्त’ असे दोन रूढ शब्द आपल्यापाशी आहेत. ‘बंदोबस्त’ हा फारसीतून आलेला, बांधणे ह्या मूळ अर्थाचा शब्द असून, पोलिसांमुळे तो ह्याच अर्थाने सर्वांच्या तोंडी आहे. ‘सुरक्षा’ हा शब्द दोहोंच्या समुच्चयासाठी राखून ठेवावा. सूचनाफलक, अहवाल, वृत्तपत्रे आणि विधिमंडळातील प्रश्नोत्तरे ह्यांत हा भेद पाळला गेला, तर कोठार सुरक्षित आहे काय, ह्या एका संदिग्ध प्रश्नाच्या जागी दोन निश्चित प्रश्न विचारता येतील: ते निर्धोक आहे काय, आणि त्याचा बंदोबस्त आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहाऱ्याची संख्या सांगून देता येत नाही, आणि कुंपणालगत राहणाऱ्या माणसास तेच उत्तर मागण्याचा अधिकार आहे.